आईला लिम्फोमा निघालाय आणि सगळे म्हणतायत कलपामुळं झालं, खरंच संबंध असतो का? (सांगली)

सई_हरिपूर
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे हरिपूरचे, आता विश्रामबागला असतो. आईचं वय ६१, शाळेत शिक्षिका होती, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर तिच्या मानेला एक गाठ लागली, दुखत नव्हती म्हणून तिनं महिना तसाच काढला, मग काखेत पण लागली तेव्हा मिरजेला दाखवलं, बायोप्सी झाली आणि फॉलिक्युलर लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीका ग्रंथींचा, रक्ताच्या कॅन्सरमधला एक प्रकार. ट्रीटमेंट मिरजेतच चालू आहे, आर-चॉप नावाची केमो, दर २१ दिवसांनी. दोन सायकल झाल्या. गाठी बऱ्यापैकी बसल्यात, डॉक्टर समाधानी आहेत, केस मात्र पहिल्या सायकलनंतर अडीच आठवड्यात सगळे गेले.

आता ज्यासाठी लिहितेय ते. आई १९९९ पासून कलप लावते. तिचे केस पस्तिशीतच पिकायला लागले. महिन्यातनं एकदा रविवारी मागच्या अंगणात खुर्ची टाकायची, खांद्यावर जुनी साडी, वाटीत डाय कालवायचा, पुढचं ती लावायची आणि मागचं मी. मी आठवीत असल्यापासून तिच्या मागच्या केसांना ब्रश मारतेय. आणि आता भेटायला येणारा प्रत्येक जण तेच, एवढी वर्षं केमिकल डोक्याला चोळलं मग दुसरं काय होणार. परवा एक लांबच्या नात्यातली बाई तर आईच्या तोंडावर म्हणाली की नटायची हौस नडली. आई काही बोलली नाही. रात्री लाईट घालवल्यावर अंधारात मला विचारलं, माझंच चुकलं का गं?

मला झोप नाही आली. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, म्हणजे व्हॉट्सॲपवरचं नको, खरे अभ्यास झालेत का यावर? आणि मी पण चार वर्षं झाली डाय करतेय, मी बंद करावं का? पण आधी आईला काय सांगू ते सांगा.

नलिनी_विटा
सई, वाचून पोटात कालवलं. बाकीचं जाणकार सांगतील, मी एकच सांगते, केमो चालू असताना घरात एवढी ये-जा ठेवूच नका. माझ्या नणंदेच्या वेळी आम्ही सरळ गेटवरच सांगायचो, डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, येणाऱ्याची साधी सर्दी पण महागात पडते. आणि असली बोलणी करणाऱ्यांना तर चहा पण देऊ नका.

शिवार
ताई आईंना लवकर आराम पडो. पण विचारलंय म्हणून सांगतो, संबंध आहे. डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं हेअर डायला २ए गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होण्याची दाट शक्यता, हे मी स्वतः वाचलंय. आमच्या घरी आई, बायको सगळ्या मेहंदीच लावतात, ती पण काळी मेहंदी मिळते आता, एकदम नैसर्गिक, केमिकल अजिबात नाही. तुम्ही पण तीच लावा.

मिरज_लॅब
मी डॉक्टर नाही, मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, गाठींच्या स्लाईड रोज हाताखालनं जातात, त्यामुळं या विषयावर जमेल ते वाचत असतो. शिवारभाऊ, तुम्ही वाचलंय ते अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं राहिल्यामुळंच घोळ होतोय.

फ्रान्समध्ये ल्योनला ती संस्था आहे, आयएआरसी. त्यांचा गट २००८ साली बसला आणि त्यांनी दोन वेगवेगळे निकाल दिले. एक, जे लोक सलूनमध्ये काम करतात, म्हणजे न्हावी आणि पार्लरवाल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्याला रंग लावतात, त्यांचं काम २ए मध्ये टाकलं, आणि ते पण मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पुराव्यावरनं. दोन, जे स्वतःच्या केसांना घरी लावतात त्यांचा वापर गट ३ मध्ये. गट ३ म्हणजे आत्ताचा पुरावा बघून होतो असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही म्हणता येत नाही. सईची आई गट ३ मधली. फॉरवर्डमध्ये फक्त पहिला निकाल फिरतो आणि तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

आता काळ्या मेहंदीबद्दल, कारण हे मला जास्त काळजीचं वाटतं. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, त्याचा रंग केशरी-तांबूस येतो, काळा येतच नाही. केस काळे करायला मेहंदीवर नीळीच्या पानांची पावडर लावतात, ती खरी वनस्पती, पण त्याला वेळ लागतो आणि आधी मेहंदी, मग नीळ असं दोनदा लावावं लागतं. जी पावडर नुसती पाण्यात कालवली आणि अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे झाले, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅरा-फेनिलीन-डायअमाईन, म्हणजे पर्मनंट डायमध्ये असतं तेच. पाकिटावर पानाचं चित्र आहे म्हणून आतलं बदलत नाही. तसंच अमोनिया फ्रीचं. अमोनिया काढला की वास जातो, त्याच्या जागी दुसरा अल्कली घालतात आणि पीपीडी तिथंच राहतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा.

सई, तुझ्या आईच्या आजाराबद्दल एक गोष्ट सांगतो, ती आईला पण सांग. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक पेशंटमध्ये १४ आणि १८ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटलेले असतात, त्यामुळं बीसीएल-टू नावाचं जनुक चालूच राहतं आणि जी पेशी वेळेवर मरायला पाहिजे ती मरत नाही, साठत जाते. ही अदलाबदल शरीरात पेशी तयार होतानाच, कापाकापी आणि जोडाजोडीच्या कामात घडते. आणि धडधाकट माणसांच्या रक्तात पण ती सापडते, त्यातल्या बहुतेकांना पुढं आयुष्यात काही होत नाही. म्हणजे पहिली ठिणगी कुणाच्या अंगणातल्या खुर्चीवर पडली असं म्हणायला जागाच नाही. पुढं आजार का वाढला, एकीत वाढतो आणि दुसरीत का नाही, यात बऱ्याच गोष्टी असतात.

कोयनाकाठ
लॅबवाले दादा, ते १९८० च्या आधीच्या डायचं काय म्हणतात? मी पाटणची. मला २०१६ ला हॉजकिन झाला होता, लिम्फोमाचाच दुसरा प्रकार, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते जुने डाय वाईट होते, आता बदललेत.

आकडेमोड
यावर मी लिहितो, साताऱ्यात कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवतो आणि हा विषय वर्गात उदाहरण म्हणून घेतो दरवर्षी, कारण आकडे कसे वाचायचे नाहीत हे यावरनं फार छान कळतं.

१९७५ साली अमेरिकेत बर्कलेच्या ब्रूस एम्स यांनी बाजारात मिळणारे १६९ पर्मनंट डाय साल्मोनेला जिवाणूंवर तपासले, त्यातल्या १५० मध्ये जनुकात बदल घडवायची ताकद दिसली. मोठी खळबळ झाली. त्यानंतर कंपन्यांनी काही घटक काढले, म्हणून अभ्यासात १९८० ही रेघ मारतात. युरोपनं तर पुढं २००६ मध्ये २२ घटकांवर बंदी घातली, आणि आज तिथं केसाला लागताना पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही.

माणसांवरचे अभ्यास पुष्कळ आहेत. २००५ मध्ये ७९ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा रक्ताच्या कॅन्सरचा धोका डाय लावणाऱ्यांत १.१५ पट आला, म्हणजे १५ टक्के जास्त. त्याआधी १९९४ मध्ये ५,७३,३६९ अमेरिकन बायकांचा सात वर्षांचा पाठपुरावा आला, त्यात डाय लावणाऱ्यांत कॅन्सरनं मरायचं प्रमाण एकूण थोडं कमीच होतं, पण काळा डाय वीस वर्षांहून जास्त लावलेल्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा (हॉजकिन सोडून बाकीचे लिम्फोमा, फॉलिक्युलर त्यातलाच) आणि मायलोमाचे (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) मृत्यू चौपट दिसले. अशा बायका मात्र त्यात अगदीच थोड्या होत्या, त्यामुळं तो आकडा हलका आहे. मग २०२० मध्ये अमेरिकेतला नर्सेस हेल्थ स्टडी, १,१७,२०० नर्सेस, ३६ वर्षं पाठपुरावा, स्वतःच्या केसांना पर्मनंट डाय लावणाऱ्यांत रक्ताच्या कॅन्सरचा एकूण धोका वाढलेला दिसला नाही. फक्त ज्यांचे केस मुळातच गडद रंगाचे होते त्यांच्यात हॉजकिन थोडा जास्त दिसला, तोही मोजक्या केसेसवरनं.

मला प्रामाणिकपणे अजून एक सांगावं लागेल, नाहीतर मी सईला फसवल्यासारखं होईल. २००८ मध्ये एका मोठ्या गटानं वेगवेगळ्या देशांतले ४,४६१ लिम्फोमाचे पेशंट आणि ५,७९९ निरोगी माणसं एकत्र तपासली. १९८० च्या आधी सुरुवात केलेल्या बायकांत फॉलिक्युलर १.४ पट होता. आणि १९८० नंतर सुरू केलेल्यांत बाकी सगळीकडं फरक नव्हता, पण गडद रंगाचा डाय लावणाऱ्यांत फॉलिक्युलर १.५ पट होता. म्हणजे नेमका हाच आजार आणि नेमका हाच रंग. पुरुषांत काही दिसलं नाही.

सई_हरिपूर
सर, हे शेवटचं वाचून माझे हात गार पडले. १९९९, काळा डाय, फॉलिक्युलर. म्हणजे त्या बाईचं बरोबरच होतं की. आणि ब्रश तर मीच मारत होते.

नलिनी_विटा
सर, पोरीला एवढ्या रात्री हे सांगायची गरज होती का.

आकडेमोड
नलिनीताई, लपवलं असतं तर उद्या तिनं स्वतःच शोधून काढलं असतं आणि मग समजवायला कुणी नसतं. सई, जागी असशील तर शांतपणे वाच, मी सावकाश लिहितो.

१.५ पट हा शब्द कानाला फार मोठा लागतो. आधी तो कशावर लावायचा ते बघू. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखात साधारण दोन-तीन जणांना होतो, उतारवयात जास्त, आणि फॉलिक्युलर हा त्यातला एक भाग. आपण हिशोबाला सोपं पडावं म्हणून धरू, तुझ्या आईच्या वयाच्या, कधीच डाय न लावलेल्या एक लाख बायका, आणि त्यातल्या दोघींना वर्षभरात हा आजार झाला. आता तेवढ्याच एक लाख काळा डाय लावणाऱ्या घे. १.५ पट खरं धरलं तरी तिघी. ९९,९९७ जणी डाय लावून सुद्धा सुटल्या.

आणि आता खरं महत्त्वाचं. त्या तिघी मिरजेत एकाच वॉर्डात शेजारी शेजारी आहेत असं समज. तिघींनी पंचवीस वर्षं डाय लावलाय. पण त्यातल्या दोघींना डाय न लावता पण हा आजार झालाच असता, कारण न लावणाऱ्या लाखात दोघी आहेतच की. फक्त तिसरी जास्तीची आहे. ती कुठली? हे ना डॉक्टर सांगू शकत ना लॅबवाले दादा स्लाईड बघून सांगू शकत. म्हणजे तो १.५ चा आकडा शंभर टक्के खरा, शंभर टक्के डायमुळंच आला असं धरलं तरी कुणा एकीकडं बोट दाखवून तुला डायमुळं झालं म्हणणाऱ्याचं तीनातनं दोनदा चुकतंय. तुझ्या घरी येऊन बोलणारी बाई छातीठोकपणे जे बोलली ते तिला माहीतच असू शकत नाही.

आणि तो आकडा शंभर टक्के खरा नाहीच. तो अभ्यास आजार झाल्यावर मागं वळून विचारलेला होता. ज्याला आजार झालाय तो माणूस रात्र रात्र जागून आठवत असतो, काय खाल्लं, काय लावलं, कधीपासनं, तुझी आई आत्ता तेच करतेय. निरोगी माणूस विचारल्यावर पटकन म्हणतो, हो कधीतरी लावतो. आठवणीतल्या या फरकानं सुद्धा आकडा थोडा फुगतो. नर्सेसच्या अभ्यासात आधी डायचं विचारून ठेवलं आणि मग कुणाला काय होतंय ते बघितलं, तिथं ही भानगड नसते, आणि तिथं एकूण वाढ दिसली नाही. अर्थात त्या बहुतेक गोऱ्या होत्या, आपल्यासारखे काळेभोर केस आणि काळाच डाय असं तिथं कमी, त्यामुळं तो अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लावून मोकळं होता येत नाही.

ब्रश तू मारलास, तो आईची मान दुखू नये म्हणून. त्याचा हिशोब या आकड्यांत कुठंच येत नाही.

मिरज_लॅब
सरांनी तीन बायकांचं जे सांगितलं ते मी आजपर्यंत असं कुणाकडनं ऐकलं नव्हतं. सई, हे आईला सांगायला तुला कागद-पेन पण लागणार नाही.

तासगावची_ताई
मी सगळा धागा दोनदा वाचला. माझं तासगावला छोटं पार्लर आहे, १८ वर्षं झाली. लग्नसराईत दिवसाला आठ-दहा डोकी रंगवते. सुरुवातीची सात-आठ वर्षं हातमोजे घातलेच नाहीत, कारण पातळ मोज्यात केसाची बट हाताला कळत नाही, आणि शिकवणाऱ्या मॅडम पण घालत नव्हत्या. बोटं काळी, नखं काळी, भाकरी करताना लाज वाटायची. मग हाताला भेगा पडल्या, खाज, स्किनवाल्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली तर पीपीडीची ॲलर्जी निघाली, तेव्हापासनं मोजे घालते.

आज पहिल्यांदा कळलं की घरी लावणारीचा गट वेगळा आणि माझा वेगळा. वाईट वाटलं खरं सांगते. १८ वर्षांत गिऱ्हाईकानं शंभर वेळा विचारलं, ताई यानं मला काही होणार नाही ना. माझं काय होणार हे मी पण कधी विचारलं नाही. माझ्याकडं दोन मुली कामाला आहेत, एक १९ ची आहे. दुकान १० बाय १२ चं, एसी लावल्यापासनं दार बंदच असतं. मला सांगा आता काय करू, धंदा तर सोडता येत नाही.

मिरज_लॅब
ताई, घाबरू नका, पण करायच्या गोष्टी आहेत. सलूनवाल्यांवरचे जे जुने अभ्यास आहेत त्यातले बरेच त्या काळातले, जेव्हा जुने घटक होते आणि मोजे कुणी घालत नव्हतं. तरीपण.

मोजे नायट्राइलचे घ्या, ते साधारण निळे मिळतात, मिरजेत सर्जिकलच्या दुकानात डबाच मिळतो. साईज बरोबर घेतली तर बट हाताला कळते. एक जोडी एकाच गिऱ्हाईकाला, धुऊन उलटे करून परत घालायचे नाहीत, कारण आत लागलेला रंग तासभर कातडीलाच चिकटून बसतो. आणि सगळे विसरतात ते म्हणजे डोकं धुताना. लावताना मोजे घालतात आणि धुताना काढतात, धुतानाच सगळा न मुरलेला रंग हातावर येतो. पावडर कालवताना तोंडाला मास्क, आणि दाराजवळ कालवा. एक्झॉस्ट फॅन बसवा, एसीनं हवा थंड होते, बदलत नाही. त्या १९ वर्षांच्या मुलीला आजपासनंच सवय लावा. आणि लघवीला रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, तर कुणीच थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

अण्णा_गावभाग
मी ७० वर्षांचा. मिशीला कलप लावतो १९७८ पासून, डोक्याला नंतर. म्हणजे मी १९८० च्या आधीचा झालो. सध्या थकवा वाटतो. गाठ वगैरे नाही. सगळे स्कॅन करून घेऊ का? पुण्याला एक पॅकेज आहे म्हणे.

आकडेमोड
अण्णा, त्या २००८ च्या अभ्यासात पुरुषांमध्ये वाढ दिसली नव्हती, हे आधी मनात धरा. नुसत्या डायच्या भीतीनं स्कॅन करू नका, सीटी स्कॅनचं रेडिएशन हे स्वतः काही कमी नाही.

मिरज_लॅब
अण्णा, थकव्यासाठी आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि एक साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करा. सत्तरीत थकव्याची कारणं पन्नास असतात, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन. लक्ष कशाकडं द्यायचं ते सांगतो, सगळ्यांसाठीच: मान, काख, जांघ इथं न दुखणारी गाठ जी दोन-तीन आठवड्यांत जात नाही, कारण नसताना ताप, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, वजन उतरणं, हिरड्यांतनं रक्त, न लागता अंगावर निळे डाग. उतारवयात सतत पाठदुखी आणि सोबत हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना मायलोमाबद्दल विचारा. सईच्या आईनं एक महिना काढला कारण गाठ दुखत नव्हती, आपल्याकडं बहुतेक जण हेच करतात, दुखत नाही म्हणजे काही नाही असं वाटतं. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही.

आणि मिशीला लावताना ओठाला, नाकपुडीला लागतं, ते सांभाळा. पापण्यांना, भुवयांना तर कधीच नाही. आपल्या कायद्यानुसार पाकिटावर तशी सूचना छापलेली असते, की डोळ्याला धोका आहे आणि आधी थोड्या जागेवर लावून बघा. ती कुणी वाचत नाही.

शिवार
मी माघार घेतो. घरातलं काळ्या मेहंदीचं पाकीट काढून बघितलं, मागं दुसऱ्या ओळीतच पीपीडी लिहिलंय. बायको म्हणाली मी तर नैसर्गिक म्हणून आईला पण देत होते. ज्यांना ज्यांना फॉरवर्ड केलं होतं त्यांना आता फोटो पाठवलाय.

पण एक विचारतो. माझी द्राक्षबाग आहे, सावळजकडं. सीझनला किती फवारण्या होतात ते मोजायला नको. डायवर एवढी चर्चा झाली, यावर कुणी काही सांगेल का? माझे चुलते गेले ते रक्ताच्या कॅन्सरनंच, त्यांनी आयुष्यात कधी कलप लावला नाही.

आकडेमोड
शिवारभाऊ, हा प्रश्न डायपेक्षा जड आहे. त्याच ल्योनच्या संस्थेनं २०१५ साली लिंडेन या कीटकनाशकाला गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे पक्कं, आणि ते नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठीच. मॅलाथिऑन, डायझिनॉन ही कीटकनाशकं आणि ग्लायफोसेट हे तणनाशक त्याच वर्षी २ए मध्ये. बेंझिन या रसायनाचा आणि ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, संबंध तर कधीचाच सिद्ध आहे. गटाचा नंबर पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही, हे पण लक्षात ठेवा. पण बाईनं केस काळे केले की गाव बोलतं आणि उघड्या अंगानं, तोंडाला नुसता टॉवेल बांधून फवारणी करणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

शिवार
काढतो. चुलत्यांचं सगळं लिहितो त्यात.

कोयनाकाठ
सई, आईंना माझ्याकडनं एक सांग. माझे पण सगळे केस गेले होते, परत आले ते आधी मऊ, कुरळे आणि करडे. मला रंगवायची फार घाई झाली होती कारण आरशात मी आजारीच दिसायचे. माझ्या डॉक्टरांनी केमो संपल्यावर सहा महिने थांबायला सांगितलं, म्हणाले टाळूची कातडी आणि नवीन केस नाजूक असतात. मी थांबले, मग कानामागं थोडंसं लावून ४८ तास बघितलं आणि मग लावला. आता वर्षातनं तीन-चार वेळा लावते, दर महिन्याला नाही. सहा महिने सगळ्यांचे सारखे नसतील, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण मला कुणी सांगितलं असतं की तू आता आयुष्यात कधी रंगवायचं नाहीस, तर मला त्याचं फार लागलं असतं.

तासगावची_ताई
नायट्राइलचे मोजे आणले, शंभरचा डबा. धुताना पण घातले आज. पोरगी कुरकुरत होती, तिला हा धागा वाचायला दिला, आता गप घालतेय. एक्झॉस्टवाला सोमवारी येणार आहे. सई, तुझ्या आईला नमस्कार सांग, तिच्यामुळं हे आमच्यापर्यंत आलं.

सई_हरिपूर
सगळ्यांना एकत्रच लिहिते, काल तिसरी सायकल झाली त्यामुळं उशीर.

आईला तीन बायकांचं सांगितलं, सरांनी लिहिलं तसंच. हॉस्पिटलमध्येच, सलाईन चालू असताना. ती शाळेत गणित शिकवायची, मी सांगायच्या आधीच म्हणाली, म्हणजे जास्तीची एकच. मग बराच वेळ खिडकीकडं बघत बसली. मग म्हणाली, आणि ती मी असले तरी मला ते १९९९ ला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं हो. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, रात्री पण नाही. आज सकाळी मला म्हणाली की मी पोळ्या जाड करतेय हल्ली, म्हणजे बरं वाटतंय तिला.

त्या नात्यातल्या बाईंचा फोन आला होता, येऊ का म्हणून. डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय म्हणून सांगितलं.

मी माझा डाय सध्या थांबवलाय, भीतीनं नाही, आईचे केस येईपर्यंत मला एकटीला लावावासा वाटत नाही. नंतर लावलाच तर तीन महिन्यांतनं एकदा, हातमोजे घालून, टाळूला न चोळता. लॅबवाले दादा, एक राहिलं, आईच्या कालच्या सीबीसीत प्लेटलेट १,१०,००० आल्यात, मागच्या वेळी १,६०,००० होत्या, हे केमोमुळं एवढं उतरतं का की लगेच फोन करू?

मिरज_लॅब
केमोनंतर एवढं उतरणं नेहमीचं आहे, पण ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, रिपोर्टचा फोटो आजच त्यांच्याकडं पाठव. आणि ताप १०० च्या वर गेला किंवा हिरड्यांतनं रक्त आलं तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटलला घेऊन जा, सकाळची वाट बघू नको.